मेंदूचा नकाशा आणि मोजणीची साखळी

बांधावरून भांडण झाले की गावात पहिला शब्द निघतो तो मोजणीचा. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, मालकाचे नाव असते. पण बांध जमिनीवर नेमका कुठून जातो हे त्या कागदावरून कळत नाही. ते शेतात उभे राहून, मोजणी करूनच ठरवावे लागते. म्हणून मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक हजर राहतात; साखळीने मोजणी होत असे तेव्हा ती कुठून धरली, ताणून धरली की सैल सोडली, यावर ते डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत. नकाशा सरकारी आहे एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. मोजणी सर्वांसमक्ष झाली, तरच वाद मिटतो.

मेंदूविज्ञानापुढे आज जवळजवळ हाच प्रश्न आहे. मेंदूचे नकाशे झपाट्याने तयार होत आहेत, त्यातले बरेचसे सर्वांसाठी खुले आहेत आणि त्यांची कौतुके वृत्तपत्रांतून छापूनही येतात. पण एखाद्या रुग्णाचा किंवा प्रयोगातील उंदराचा मेंदू त्या नकाशावर नेऊन बसवणारी साखळी म्हणजे संगणकाचे सॉफ्टवेअर. त्याची चर्चा क्वचितच होते. ही साखळी कोणाच्या हातात आहे, ती इतरांना तपासता येते का आणि तिची देखभाल कोण करतो, या प्रश्नांना नकाशाइतकेच महत्त्व आहे.

मेंदूचे नकाशे काढण्याची परंपरा जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ कॉर्बिनियन ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये पेशींच्या रचनेवरून मेंदूच्या बाहेरच्या थराचे भाग पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. वाचेशी संबंधित भागाला डॉक्टर आजही ४४ आणि ४५ याच क्रमांकांनी ओळखतात. १९८८ मध्ये तालायराख आणि तूर्नू यांनी प्रसिद्ध केलेला अ‍ॅटलास जगभर वापरला गेला. तो ६० वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. एका व्यक्तीचा मेंदू सर्वांचा प्रतिनिधी कसा, ही शंका रास्तच होती. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने अनेकांच्या स्कॅनची सरासरी काढून संदर्भ-मेंदू तयार केले. त्यांपैकी १५२ जणांवर आधारलेला ‘एमएनआय १५२’ अनेक सॉफ्टवेअरमध्ये आजही आधीपासूनच भरलेला असतो.

संगणकामुळे हे काम आणखी बारकाईने होऊ लागले. जर्मनी आणि कॅनडातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ‘बिगब्रेन’ प्रसिद्ध केला. त्यासाठी ६५ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूचे, प्रत्येकी २० मायक्रोमीटर जाडीचे, ७,४०४ काप करून ते संगणकात पुन्हा एकसंध जोडण्यात आले. उंदराच्या मेंदूचा आज सर्वाधिक वापरला जाणारा नकाशा अमेरिकेतील अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा आहे. २०२० मध्ये शोधनिबंधातून मांडलेली त्याची तिसरी आवृत्ती १,६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी आहे.

पण सरासरी मेंदू प्रत्यक्षात कोणाच्याच डोक्यात नसतो. कोणाचा मेंदू लांबट, कोणाचा रुंद. कोणाच्या घड्या खोल, कोणाच्या उथळ. म्हणून नव्या मेंदूचे चित्र आधी फिरवून, लहानमोठे करून संदर्भ-मेंदूच्या मापात आणावे लागते. मग ते रबरी पत्र्यासारखे इथे ताणून, तिथे दाबून नकाशावर बसवले जाते. ते बसले की नकाशावरील सीमा आणि नावे त्याला लागू होतात. हा हिप्पोकॅम्पस, हा थॅलॅमस, या भागात इतक्या पेशी, त्या भागाचे आकारमान इतके, अशी सगळी उत्तरे त्यानंतर येतात. ताणताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर एका भागातील पेशी शेजारच्या भागाच्या नावावर चढतात. उंदराच्या मेंदूचे वजनच अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे अख्खे शेत.

पूर्वी हे काम नजरेने चाले. संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली काप ठेवी, शेजारी छापील अ‍ॅटलास उघडे आणि कोणते पान जुळते ते पाही. आता एका प्रयोगातून प्रचंड चित्रसंच निघतो आणि नजर पुरत नाही. याच गरजेतून २०२० मध्ये लंडन आणि म्युनिक येथील तरुण संशोधकांनी ‘ब्रेनग्लोब’ पुढे आणले. तेव्हा प्रत्येक नकाशाची फाइल वेगळी, दिशा वेगळी आणि भागांना नावे देण्याची पद्धतही वेगळी होती. एका नकाशासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला चालत नसे. ब्रेनग्लोबने पायथॉन या खुल्या संगणकभाषेत एक सामायिक दार तयार केले. उंदीर, घूस, झेब्राफिश, माणूस यांपैकी कोणताही नकाशा त्याच आज्ञांनी उघडता येतो. त्याच संचातील एक अवजार मेंदू नकाशावर बसवते, दुसरे पेशी शोधून मोजते, तिसरे त्रिमितीय चित्र काढते. हा सगळा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि त्यातील चूक दाखवून देता येते. ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनीही मेंदूचे काप नकाशाशी जुळवण्यासाठी अशीच अवजारे मोफत दिली आहेत.

इथे ‘फुकट’ आणि ‘खुले’ यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. फुकट सॉफ्टवेअरचा आतला कोड बंद असू शकतो. उलट, एखाद्या सॉफ्टवेअरचा कोड खुला असला तरी ते चालवायला विकतची प्रणाली लागू शकते. मेंदूच्या स्कॅनसाठी जगभर वापरले जाणारे ‘एसपीएम’ खुले आहे, पण ते लिहिले गेले मॅटलॅब या विकतच्या प्रणालीसाठी. मोठ्या संस्थेला तिचा परवाना परवडतो; लहान शहरातील महाविद्यालयाला तो खर्च जड जातो. कोड खुला असूनही दार अर्धेच उघडलेले असते.

खुलेपणाचा आग्रह केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. ‘फ्रीसर्फर’ हे मेंदूच्या भागांचे आकारमान मोजणारे प्रसिद्ध सॉफ्टवेअर. २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात तेच स्कॅन त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढून पाहिले गेले. नवी आवृत्ती आणि जुन्या आवृत्त्या यांच्या उत्तरांत आकारमानाचा फरक सरासरी ८.८ टक्के निघाला. संगणकाचा प्रकार बदलला तरी उत्तर काहीसे बदलत होते. अल्झायमरच्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस वर्षाकाठी काही टक्क्यांनीच आकसतो. म्हणजे यंदाची मोजणी जुन्या आवृत्तीने आणि पुढच्या वर्षीची नव्या आवृत्तीने झाली, तर आजार वाढला की सॉफ्टवेअर बदलले, हेच कळणार नाही. कोणती आवृत्ती वापरली याची नोंद असेल आणि त्या आवृत्तीचा कोड जपलेला असेल, तरच हा घोळ उलगडता येतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१६ मध्ये स्वीडन आणि ब्रिटनमधील संशोधकांनी मेंदूची हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय स्कॅनचे विश्लेषण करणारी तीन लोकप्रिय सॉफ्टवेअर तपासली. ४९९ निरोगी व्यक्तींचे, खुले उपलब्ध असलेले स्कॅन त्यांनी वापरले. जिथे पाच टक्के वेळाच चुकीचा ‘शोध’ लागायला हवा होता, तिथे काही पद्धतींत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले. मुख्य दोष संख्याशास्त्रीय गृहीतकांत होता. पण या तपासणीत त्यांपैकी ‘अफनी’ या सॉफ्टवेअरमधील १५ वर्षे जुनी एक चूकही सापडली. ती २०१५ मध्ये दुरुस्त झाली होती. या त्रुटींचा फटका किती शोधनिबंधांना बसला असेल, याचा सुरुवातीचा अंदाज फार मोठा होता आणि तो पुढे लेखकांनीच दुरुस्त केला. विज्ञान असेच पुढे जाते.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात आणि खुल्या सॉफ्टवेअरचे समर्थक बहुतेकदा पहिलाच सांगतात. कोड आणि स्कॅन दोन्ही खुले होते, म्हणूनच बाहेरच्या माणसांना चूक सापडली, हा पहिला धडा. दुसरा जरा कडू आहे: कोड खुला होता, तरीही १५ वर्षे ती चूक कोणाच्या नजरेस आली नाही. दार उघडे ठेवले म्हणजे कोणी आत येऊन पाहीलच असे नाही. तपासणे, चाचण्या लिहिणे, नव्या संगणकावर जुना कोड चालतो का हे पाहणे, वापरणाऱ्यांच्या शंकांना उत्तरे देणे हे रोजचे, कंटाळवाणे काम आहे आणि त्यासाठी पगारी माणसे लागतात. नवे अवजार बनवणाऱ्याच्या नावावर शोधनिबंध जमा होतो; दहा वर्षे ते चालू ठेवणाऱ्याच्या नावावर फारसे काही जमा होत नाही. हे ओळखून अमेरिकेतील चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१९ मध्ये विज्ञानातील खुल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली. सरकारी तिजोऱ्यांनीही हा कित्ता गिरवायला हवा.

भारताला हा विषय दूरचा वाटू नये. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून अ‍ॅटलास तयार केला. पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई मेंदूंच्या तुलनेत सरासरी भारतीय मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान कमी असल्याचे त्यातून दिसले. याचा बुद्धीशी संबंध नाही. शरीराच्या उंचीसारखाच हा बांध्यातला फरक. पण निदानाशी मात्र त्याचा संबंध येऊ शकतो. परदेशी सरासरीच्या फूटपट्टीने मोजल्यास निरोगी भारतीय वृद्धाचा मेंदूही ‘आकसलेला’ भासण्याचा धोका असतो. बेंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी ६ ते ६० या वयोगटासाठी पाच भारतीय संदर्भ-मेंदू तयार केले, ते याच गरजेतून. डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासने गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतील मेंदूचा ‘धरणी’ हा अ‍ॅटलास जाहीर केला. त्यात ५,१३२ कापांच्या प्रतिमा असून तो जगभरातील संशोधकांसाठी मोफत आहे.

देशी संदर्भ-मेंदू तयार झाला तरी तो वापरात येणे ही वेगळी गोष्ट आहे. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये कोणता संदर्भ-मेंदू असावा हे कंपनी ठरवते. वापरणाऱ्याला बहुधा तो बदलता येत नाही. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय संदर्भ-मेंदू जोडणे हे एखाद्या जाणत्या विद्यार्थ्यालाही जमणारे काम आहे. म्हणून अ‍ॅटलास बनवणाऱ्या प्रत्येक भारतीय संस्थेने केवळ पडद्यावर पाहता येतील अशा सुंदर प्रतिमांवर थांबू नये. नकाशा प्रचलित खुल्या अवजारांत थेट उघडेल अशा रूपात द्यावा, आवृत्ती क्रमांकासह द्यावा आणि तो ज्या कोडने घडवला तो कोडही सोबत द्यावा.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला सुरक्षिततेचा. संशोधनासाठीचे खुले सॉफ्टवेअर म्हणजे मान्यताप्राप्त वैद्यकीय साधन नव्हे. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत बसवलेली तार नेमकी कुठे पोहोचली, हे अभ्यासण्यासाठी ‘लीड-डीबीएस’ हे खुले सॉफ्टवेअर वापरले जाते. पण शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावर सोपवता येत नाही. हे खरेच. मात्र मान्यता देणाऱ्या यंत्रणेलाही आतला हिशेब दिसला, तर तिची तपासणी अधिक खोल होईल. कोड खुला असणे मान्यतेच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आणि तो जास्त गंभीर. डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहऱ्याची ठेवणही येते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की अशा स्कॅनवरून चेहरा उभा करून ८४ पैकी ७० स्वयंसेवकांची त्यांच्या छायाचित्रांशी बरोबर जोडी लावता येते. तेव्हा अवजार खुले करणे आणि रुग्णाचा स्कॅन खुला करणे या दोन गोष्टी एकाच दावणीला बांधू नयेत. कोड आणि सरासरी नकाशा सर्वांचा. व्यक्तीचा स्कॅन मात्र तिच्या संमतीने, चेहरा पुसून आणि जबाबदार हातांतच. चेहरा पुसणारी सॉफ्टवेअरही खुली आहेत आणि ती पुरेसे पुसतात की नाही, हेही म्हणूनच तपासता येते.

जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१४ मध्ये सरकारी पैशातून झालेले संशोधन वाचकांना खुले करण्याचे धोरण आणले. त्याचा भर शोधनिबंधांवर होता. पुढचे पाऊल आता टाकायला हवे. सरकारी अनुदानातून लिहिलेले सॉफ्टवेअर खुले असावे, त्याच्या देखभालीसाठी अनुदानातच वेगळी रक्कम असावी आणि ती सांभाळणाऱ्या अभियंत्यांना संस्थेत कायम जागा मिळावी. मनुष्यबळाची वाण नाही. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अनेक वर्षे देशभरातील विद्यार्थ्यांना खुल्या सॉफ्टवेअरचे धडे देत आहे. त्या हातांना मेंदूविज्ञानाचे काम मिळाले, तर कोल्हापूर किंवा नांदेडच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या कोडमधली चूक दाखवू शकेल. त्याला त्यासाठी महागडा सूक्ष्मदर्शक लागणार नाही. साधा संगणक पुरेल.

उद्या एखाद्या कुटुंबाला सांगितले जाईल, की आजीच्या मेंदूचा अमुक भाग वयाच्या मानाने इतका आकसला आहे. तो आकडा कोणत्या नकाशावरून, कोणत्या आवृत्तीने आणि कोणाच्या सरासरीशी ताडून काढला, हे विचारण्याचा अधिकार त्या कुटुंबाला आहे आणि उत्तर देता येणे हे डॉक्टरांचे काम आहे. डॉक्टरांना ते उत्तर देता यायचे, तर साखळी कुठून धरली हे सर्वांना दिसले पाहिजे.