तारले आणि ऊन

तारले म्हटले की आमच्या वर्गातले काही जण नाक मुरडतात. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून व्यवहाराचेच बोलतो. उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशींतील डीएनए बिघडवतात. अशा किरणांखाली ठेवलेल्या उंदरांत मक्याच्या तेलाने त्वचेच्या गाठी वाढल्या, माशाच्या तेलाने कमी झाल्या. ब्रिटनमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही माणसांना तीन महिने रोज 4 ग्रॅम माशाच्या तेलातले स्निग्धाम्ल दिले. त्यांची त्वचा भाजायला अधिक किरण लागले. पण 4 ग्रॅम हे हुमणातल्या दोन तारल्यांचे काम नव्हे! तेव्हा पाळीत भर एप्रिलात काजू गोळा करणाऱ्या बायांना नुसते 'मासे खा' सांगून भागणार नाही. बागायतदारांनी त्यांना दुपारची सुट्टी द्यावी, तीही मजुरी न कापता.