दोनदा मूळ, एकदा आपल्या भाषेत

आमच्या वऱ्हाडात आठवडा मोजायला पंचांग लागत नाही, बाजार पुरतो. कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी, हे अकोल्याच्या माझ्या आईला अजून तोंडपाठ आहे. या आठवडी बाजाराचा मोठा गुण म्हणजे तो चुकत नाही. पाऊस पडो, कापसाला भाव येवो न येवो, ठरल्या वारी ठरल्या झाडाखाली भाजीवाली येऊन बसायचीच. आज सांगणार आहे ती अशाच एका न चुकणाऱ्या आठवड्याची गोष्ट. फरक एवढाच, की हा बाजार विद्येचा आहे आणि तो यहुदी मुलांच्या प्राथमिक शाळेत भरतो.

अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला यहुद्यांच्या शाळेशी काय कर्तव्य, असे तुम्ही विचाराल. वाचकहो, प्रश्न रास्त आहे. पण या गोष्टीची सुरुवात माझ्याच घरात, एका पत्राने झाली.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईने तिला अकोल्याहून पत्र पाठवले. आईचा फोनवर विश्वास नाही. “फोनवरचं बोलनं हवेत जाते बाबू, कागदावरचं पेटीत राह्यते,” असे तिचे म्हणणे. ते पत्र आठ दिवस दप्तरातच पडून होते. नवव्या दिवशी मुलीने ते माझ्यापुढे धरले आणि अगदी निरागसपणे विचारले, “बाबा, हे कुठल्या भाषेत आहे?”

मराठी तिला येत नाही, असे नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. तिच्या शाळेतही मराठीचा तास असतो आणि तिला वीसपैकी अठरा गुण पडतात. पण आजीची जोडून काढलेली अक्षरे आणि ‘काहून व माय, तुले सुट्टी नाही का’ ही वऱ्हाडी बोली तिच्या पुस्तकात कुठेच नाही. आणि गंमत पाहा, त्याच आठवड्यात मी एका सभेत मराठीला 2024 साली मिळालेल्या अभिजात दर्जावर तासभर बोलून, शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो होतो!

आईला हे कळल्यावर ती एवढेच म्हणाली, “साऱ्या अमरावतीले मराठी शिकवलं तुनं, अन् घरातलंच पोट्टं कोरडं राह्यलं.” बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

हा सल मनात असतानाच हिवाळ्यात मी परीक्षेच्या कामासाठी मुंबईला गेलो. परतताना रविवारच्या रात्री अमरावती एक्सप्रेसमध्ये समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी होत्या. बडनेऱ्याला जुन्या सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला चालल्या होत्या. बाईंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. ओल्या नारळाचे गोड पोहे आणि फळांच्या फोडी. “घ्या, कालचा मलिदा आहे,” त्या म्हणाल्या. मलिदा म्हणजे एलियाहू पैगंबराच्या नावाने करायचा प्रसाद, हे त्यांनीच सांगितले. मंडळी कोकणातली, बेने इस्राएल निघाली.

बेने इस्राएल म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले, आजच्या रायगडातले, मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कोकणात ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांची आडनावे गावांवरून पडलेली: पेणकर, दिवेकर, किहीमकर. 1954 च्या ‘बूटपॉलिश’मधला जॉनचाचा तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो साकारणारे डेव्हिड हे याच समाजातले. त्यांचे आडनाव चेऊलकर.

गप्पांच्या ओघात मी पत्राची हकिकत सांगितली. काका हसले. “प्राध्यापकसाहेब, तुमचं दुखणं नवं आहे. आमचं फार जुनं. आमच्या पूर्वजांजवळ शनिवार राहिला होता, पण हिब्रू गेली होती.”

आणि ते खरेच आहे. शतकानुशतके हा समाज शनिवार पाळत राहिला, मुलांची सुंता करीत राहिला, ‘शमा’ ही एक प्रार्थना त्याने तोंडी जपली. पण धर्मग्रंथ वाचण्याची विद्या हातून निसटली होती. परंपरा असे सांगते, की डेव्हिड रहाबी नावाचा कोणी विद्वान बाहेरून आला, त्याने यांना ओळखले आणि झिराटकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केले. म्हणजे पुन्हा सुरुवात झाली ती तीन विद्यार्थ्यांच्या वर्गापासून!

“पण मग मुलं शिकत कशी?” मी विचारले.

“आठवड्यानं,” काका म्हणाले. आणि मग इगतपुरीचा घाट येईपर्यंत त्यांनी मला जे समजावले, ते थोडक्यात असे.

यहुद्यांचा मूळ ग्रंथ तोरा. त्याचे चोपन्न भाग पाडले आहेत. दर आठवड्याला एक. काही आठवड्यांत दोन भाग जोडून घेतात आणि वर्षाच्या शेवटी ग्रंथ पुरा होतो. पुरा होतो त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करतात. ‘पोर्शन संपला’ हा आपला लाडका शब्द त्यांच्या शाळेत नाही. तिथे पोर्शन संपतच नाही. शनिवारी सिनेगॉगमध्ये जो भाग वाचायचा, त्याचीच तयारी आठवडाभर वर्गात चालते. अगदी लहानांना त्यातली गोष्ट सांगतात, थोडी मोठी झालेली मुले त्यातली अक्षरे आणि शब्द शोधतात. अक्षरे बावीस, उजवीकडून डावीकडे लिहायची. शिकताना अक्षरांना स्वरांचे ठिपके असतात. पोथीच्या गुंडाळीत ते नसतात. तेरा वर्षांच्या मुलाने त्या बिनठिपक्यांच्या पोथीतून सर्वांसमोर वाचायचे असते. एवढी तयारी एका रात्रीत होत नाही. ती आठवड्या-आठवड्यानेच होते.

अनेक शाळांत शुक्रवारी घरी निघताना मुलाच्या हाती प्रश्नांचा कागद देतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर, जेवणाच्या आधी किंवा नंतर, ते प्रश्न घरात विचारले जातात. बाप उत्तर देतो, आजोबा दुरुस्त करतो, मूल शंका काढते. बेने इस्राएलांच्या घरी त्या रात्री द्राक्षासवाऐवजी मनुकांचे सरबत असते. म्हणजे पाठ शाळेत सुरू होतो आणि जेवणाच्या पानावर पुरा होतो. आपल्याकडे शाळेतून घरी येतो तो गृहपाठ. त्याच्यासाठी आईची चिडचिड आणि मुलाचे रडे. यांच्याकडे घरी येतो तो प्रश्न, आणि त्याच्याबरोबर सरबत!

ही व्यवस्था काल-परवाची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला नावाच्या मुख्य पुरोहिताने गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची पद्धत पाडली, असे तालमूद ग्रंथ सांगतो. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले. चाळीस झाली तर मदतनीस. पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. आमच्या शहरांतले साठ-सत्तर मुलांचे वर्ग डोळ्यांपुढे आले आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

पण माझ्या मनात घर करून बसला तो दुसराच नियम. आठवड्याचा पाठ प्रत्येकाने दोनदा मूळ भाषेत वाचावा आणि एकदा भाषांतरात. तालमूदच्या काळी लोकांची बोलभाषा अरमाईक होती, म्हणून भाषांतर त्या भाषेत. पुढे जिथे जिथे हे लोक गेले, तिथली भाषा त्या तिसऱ्या वाचनाला मिळाली. दोनदा मूळ, एकदा आपल्या भाषेत!

आणि कोकणात ही ‘आपली भाषा’ होती मराठी. 1832 साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. या लोकांनी त्यातली विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे त्यांच्यातलेच पंडित उभे राहिले. मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. त्या सणाच्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचा असतो आणि त्याच्या उत्तरात मोठ्यांनी सारा इतिहास सांगायचा. 1880 मध्ये तर त्यांनी मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि बायबलमधल्या कथा आपल्या कीर्तनाच्या थाटात मराठीतून सांगू लागले. गाडगेबाबांच्या मुलखातल्या माणसाला कीर्तन ही शाळाच असते, हे का समजावून सांगायला हवे?

शाळा मात्र खरीखुरीही निघाली. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी पुढाकार घेऊन मुंबईत इस्रायलाइट स्कूल सुरू केले. इतर विषयांच्या जोडीने तिथे हिब्रू शिकवीत. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. माझगावात ती आजही आहे. 1922 ते 1950 या काळात तिच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. या बाई पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या आणि 1905 साली मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. स्त्रियांचे शिक्षण हाच जेव्हा वादाचा विषय होता, तेव्हाची ही गोष्ट.

“आता त्या शाळेत आमची मुलं फारशी नाहीत,” काका म्हणाले. “बहुतेक मुलं मुसलमान आहेत. शिकतात, मोठी होतात. वाईट काय?”

1948 नंतर हा समाज हळूहळू इस्राएलला गेला. एके काळी भारतात वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्राएल आता चार-पाच हजार उरले आहेत. तिकडे लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांत त्यांची वस्ती आहे. आणि इथे नियतीने मोठा विनोद केला आहे. मुंबईत मराठी रस्त्यावर फुकट मिळत होती आणि हिब्रूसाठी वर्ग लागत होता. तिकडे हिब्रू रस्त्यावर फुकट मिळते आणि मराठी जपायला कष्ट पडतात! म्हणून त्यांनी तिकडून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. काकांच्या बहिणीची नातवंडे तिकडेच आहेत. “ती आजीचं पत्र वाचू शकत नाहीत,” काका म्हणाले, आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

बडनेऱ्याला उतरताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. “जी भाषा रस्त्यावर मिळत नाही, तिला वार द्या, साहेब. वार नसलेलं काम उद्यावर जातं.”

घरी येऊन मी शनिवारची संध्याकाळ ठरवली. पाठ्यपुस्तक नाही, गुण नाहीत. आजीचे पत्र हाच पाठ. पत्र दोनदा मोठ्याने वाचायचे, आजीच्याच बोलीत, आणि मग मुलीने त्यातली हकिकत एकदा आपल्या भाषेत सांगायची. पहिल्या शनिवारी दोन वाचने झाली. मग तिने विचारले, “आपल्या भाषेत म्हणजे कुठल्या, बाबा?” आणि मी उत्तर देण्याआधीच तिने सारी हकिकत सांगायला सुरुवात केली: इंग्रजीत. झरझर, गोड, एकही चूक नाही. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, “अहो, शाळा आपणच निवडली ना?”

मी तिला अडवले नाही. त्या रात्री मात्र आमच्याच जिल्ह्यातले रिद्धपूर आठवले. श्रीचक्रधर गेल्यावर महानुभाव मंडळींनी आठवण आठवणीला जोडून त्यांच्या लीळा गोळा केल्या. म्हाइंभटांनी त्या ज्याला त्याला विचारून लिहून घेतल्या, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठीला ‘लीळाचरित्र’ मिळाले. ज्या मातीत विचारणे आणि सांगणे यांतून भाषेचा पहिला मोठा गद्यग्रंथ उभा राहिला, तिथला मराठीचा मास्तर पोरीला आजीची चार वाक्ये विचारायला विसरला होता. दोष कायद्याचा नव्हता, शाळेचाही नव्हता. मी भाषा सभेत ठेवली होती. घरात तिला वार दिला नव्हता.

शनिवार चालू राहिले. दोन चुकले, एकदा पाहुणे, एकदा ताप. आईची पत्रे दर आठवड्याला येऊ लागली, कारण आता तिलाही काम लागले. तिने बाजारांची यादी लिहिली, माझ्या लहानपणच्या खोड्या लिहिल्या. त्या वाचताना मुलीचा उत्साह विशेष! इंग्रजी हकिकतीत आधी ‘पऱ्हाटी’ शिरली, मग ‘ढेप’ शिरली, कारण या शब्दांना तिला इंग्रजी सापडेना. पावसाळ्याच्या सुमाराला एकदा ती तिसरे वाचन मराठीत करून गेली. तिच्या ते लक्षातही आले नाही. माझ्या आले, पण मी काही बोललो नाही.

या दिवाळीला तिने अकोल्याला स्वतः पत्र लिहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. मास्तराचा हात लाल शाईकडे गेला होता, तो मी आवरला आणि पत्र तसेच टाकले. चौथ्या दिवशी आईचा फोन आला. तोच फोन, ज्याच्यावर तिचा विश्वास नाही.

“बाबू, पत्र पोचलं पोरीचं. दोनदा वाचलं.”

“अन् तिसऱ्यांदा?” मी विचारले.

“तिसऱ्यांदा शेजारनीले वाचून दाखवलं,” आई म्हणाली. “आता पेटीत ठिवलं.”