हळदीची दुसरी कॅसेट

कल्याणहून भिवंडीला निघाले की दुर्गाडीजवळचा खाडीपूल ओलांडताच कोन गाव लागते. बँकेत असताना यंत्रमागांच्या कर्जांच्या निमित्ताने या रस्त्याने मी पुष्कळ हिंडलो. कर्जे केव्हाच फिटली. त्या हिंडण्यात जोडलेला एक आगरी मित्र मात्र टिकला. यंदा पावसाळ्यात त्याचा फोन आला. नातीचे लग्न ठरले होते. तिच्या हळदीच्या रात्री तिच्या आईबापांच्या १९९४ सालच्या लग्नाची फिल्म पडद्यावर दाखवायची, असा घरच्यांचा बेत होता. मुलाने कॅसेट दुकानात देऊन संगणकावर उतरवून घेतली होती, पण काहीतरी बिनसले होते. ‘‘तुम्ही लिहिणारे मानूस, जरा बघून जा,’’ तो म्हणाला.

लिहिण्याचा आणि याचा संबंध काय, ते मला कळले नाही. पण हिशेब न जुळणे हा माझा जुना विषय, म्हणून गेलो.

दोष तीन होते. नवरदेव चालू लागला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटत. तासाभराने माणसांचे ओठ आधी हलत आणि आवाज मागाहून येई. आणि मंगलाष्टकांत अक्षता उधळल्या की सगळे चित्र चौकोनी ठिकऱ्यांत मोडे. मुलाने खापर कॅसेटवर फोडले होते. कॅसेट बिचारी निर्दोष होती.

कंगव्याचे कारण असे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असत, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई : आधी विषम रेघा, मग सम. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते डोळ्याला कळत नसे. संगणक दोन्ही हप्ते एकदम मांडतो आणि मधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात नवरदेव सरकलेला असतो. हप्ते सुटे करून सेकंदाला पन्नास चित्रे केली की दात जातात. आवाजाची गोष्ट तर निव्वळ बेरजेची. जुनी फीत एका चालीने चालत नाही. उतरवून घेणाऱ्या यंत्राला मिनिटागणिक एक चित्र जरी चुकले तरी तासात साठ चित्रे गळतात आणि आवाज जवळजवळ अडीच सेकंद मागे पडतो. फितीची चाल सावरून देणारे उपकरण मध्ये जोडायचे, एवढाच उपाय. दुकानदाराने ते जोडले नव्हते.

अक्षतांचे प्रकरण मला अधिक विचार करायला लावणारे वाटले. घरगुती चित्रफितीचा एक तास कसलीही काटछाट न करता साठवायचा तर सुमारे पंचाहत्तर गिगाबाइट लागतात. एवढे कोण ठेवणार? म्हणून यंत्र काटकसर करते. मागच्या चित्रात जे होते तेच पुढच्यात असेल तर ते पुन्हा लिहीत नाही. बदलले तेवढेच नोंदवते. मंडप, भिंत, खुर्चीतले आजोबा यांवर खर्च नाही. पण शेकडो अक्षता एकदम उडाल्या की सगळेच बदलते, ठरवून दिलेली रक्कम अपुरी पडते आणि चित्र दिवाळे काढते. मुलाने मोबाइलवरून पाठवता यावी म्हणून फाइल अगदी बारीक करवून घेतली होती. नव्वदच्या दशकाअखेरीपासून व्हीसीडी आल्या तेव्हाही हेच झाले. त्या चकतीवर एका तासाला जेमतेम सहाशे मेगाबाइट मिळत, म्हणजे शंभरातला एक हिस्साही नाही. कितीतरी घरांनी त्या भरवशावर मूळ कॅसेटी भंगारात घातल्या. झेरॉक्स काढून खरेदीखत जाळण्यासारखेच हे.

मग मी विचारले, मूळ कॅसेट हीच का? वहिनींनी माळ्यावरून आणखी एक काढली. २६ जुलै २००५ च्या पुरात खालचे सारे भिजले होते; माळ्यावरचे वाचले. पहिलीवर सोनेरी अक्षरे होती, हिच्यावर पेनाने नुसते ‘ओरिजनल’. ‘‘काका, ती राहू द्या. तिच्यात नुसता गोंगाट हाय,’’ मुलगा म्हणाला.

लग्नाच्या फिल्मा त्या काळी कशा तयार होत, हे ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल. स्टुडिओत ‘मिक्सिंग’ होई, म्हणजे प्रत्यक्षातला आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवली जात. सोनेरी कॅसेटमध्ये हळदीच्या वेळी धवलारीण पाटासमोर बसलेली दिसत होती, तिचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होते ते हिंदी गाणे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी ही बाई. धवले तिला तोंडपाठ असतात. मित्राने सांगितले, ती कोनमध्येच राहायची. वारली त्याला पंधरा वर्षे झाली. तिच्या सुना धवले गात नाहीत.

म्हणजे ज्याला मुलगा गोंगाट म्हणत होता, त्यात ती होती.

सिनेमाचे म्हणाल तर सरकारला जाग आली आहे, उशिरा का होईना. ‘आलमआरा’ची (१९३१) एकही प्रत आज उपलब्ध नाही, २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिती आगीत गेल्या. पुढे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान आले, २०२२ मध्ये त्यात जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. चांगलेच झाले. परंतु कोनच्या माळ्यावरच्या कॅसेटला कोणते अभियान? व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केले. चुंबकीय फिती २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घ्या, नंतर यंत्रेच मिळणार नाहीत, असा इशारा या क्षेत्रातले जाणकार बरीच वर्षे देत होते. ते साल आले. धवल्यांचे शब्द संग्राहकांनी पुस्तकांत उतरवले आहेत, पण चाल, दम, मध्येच कुणाला तरी हळदीची वाटी पुढे कर म्हणून दटावणे कागदावर येत नाही. ते कुठे असेल तर अशा ‘ओरिजनल’ लिहिलेल्या डब्यांत. आणि घरोघरी पहिली फेकली जाते ती तीच.

कल्याणला एक जुना दुरुस्तीवाला सापडला. त्याने झाकण उघडून दाखवले : फितीच्या कडेला पांढरी बुरशी. खाडीकाठची हवा, दुसरे काय होणार? अशी फीत चांगल्या यंत्रात घातली तर यंत्राचे डोके बरबटते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागण होते. त्यासाठी एक यंत्र त्याने वेगळेच ठेवले आहे. फीत वाळवून, मऊ कापडावरून हळूहळू फिरवून त्याने सुरुवातीचा भाग साफ केला. मोठी फाइल करायची, आवाजाला हात लावायचा नाही, मोबाइलसाठी छोटी प्रत नंतर वेगळी काढायची, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.

अकरा मिनिटे भांडी, मुले, जनरेटर. मग ती गाऊ लागली. वहिनी पडद्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, ‘‘मागं बसलीय ती माझी आई.’’

उरलेली फीत हवा कोरडी झाल्याशिवाय लावायची नाही, असे दुरुस्तीवाल्याने बजावले आहे. लग्न मार्गशीर्षात आहे. मी दर रविवारी त्याला फोन करतो.