डायलिसिसच्या रांगेत पोचण्याआधीच मरणाऱ्यांचे काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे, अँजिओप्लास्टी आहे, बायपास आहे. कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण आहे. पण ज्या मधुमेही माणसाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत आणि जो अजून रोज कामावर जातो, त्याच्या तपासण्या आणि गोळ्या या योजनेत बसत नाहीत, कारण तो रुग्णालयात दाखल झालेला नाही. किडनी निकामी झाली किंवा हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, की मगच तो सरकारला दिसतो. आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती किरकोळ नाही.

किडनीचा जुनाट आजार म्हणजे पुढेमागे डायलिसिस, असे धरून सगळी आखणी झाली आहे. आकडे वेगळेच सांगतात. अमेरिकेत 2004 साली सुमारे 28 हजार रुग्णांच्या पाच वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. आजाराच्या पाच टप्प्यांपैकी तिसऱ्यातले 1.3 टक्के रुग्ण डायलिसिस वा प्रत्यारोपणापर्यंत पोचले. मेले मात्र 24.3 टक्के. चौथ्या टप्प्यात हेच आकडे 19.9 आणि 45.7. मेलेल्यांमध्ये हृदयरोग आणि मधुमेह जास्त होता. त्याच वर्षीच्या, 11 लाखांवर लोकांच्या दुसऱ्या अभ्यासात किडनीची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली गेली की हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटनांचा धोका 1.4 पट, 45 च्या खाली दुप्पट, 30 च्या खाली 2.8 पट आणि 15 च्या खाली 3.4 पट निघाला. डायलिसिसची यंत्रे मोजून या आजाराचा आवाका ठरवणाऱ्या खात्याच्या हिशोबात ही माणसे कुठेच नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला की किडनीचा विषय तिथेच मिटतो.

डायलिसिस सुरू झाल्यावर हृदयाकडे पाहू, असे कुणी म्हणेल तर तोवर फार उशीर झालेला असतो. 2005 साली जर्मनीत डायलिसिसवरच्या 1,255 मधुमेहींवर आणि 2009 साली डायलिसिसवरच्याच 2,776 रुग्णांवर कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या चाचण्या झाल्या. हृदयविकार व हृदयरोगाने होणारे मृत्यू यांत ठोस घट दिसली नाही. उलट 2011 सालच्या, नऊ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत बहुतेक जण अजून डायलिसिसवर गेलेले नव्हते. तिथे स्टॅटिन आणि एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलवरचेच दुसरे औषध यांच्या जोडीने रक्तवाहिन्या तुंबून होणारे मोठे आघात 17 टक्क्यांनी घटले. 2020 साली 4,304 रुग्णांवरील चाचणीत डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरील गोळीने किडनीची मोठी घसरण आणि किडनी वा हृदयामुळे येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी खाली आणला. वेळेवर दिलेली गोळी दोन्ही अवयव सांभाळते, आणि ती वेळच आपली व्यवस्था दवडते.

पैशाची सबब आता टिकत नाही. डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट भारतात 2020 साली संपले, त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च 2025 मध्ये, आणि किमती कोसळल्या. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला 156 डायलिसिस. त्या खर्चाशी या गोळ्यांची तुलना तुमच्याच खात्याने मांडून दाखवावी. तपासणी चालूच आहे, हे उत्तरही अपुरे आहे. तिशीपुढच्यांच्या तपासणी मोहिमेत मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग असे पाच आजार आहेत. किडनी त्यांत नाही, जरी असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तिचे नाव कागदावर घेतले आहे. किडनीतज्ज्ञ कमी आहेत हे खरे; पण रक्तदाब आटोक्यात ठेवायला, स्टॅटिन लिहायला एमबीबीएस डॉक्टर पुरतो. नुसते क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, पाहणेही फसवे आहे. 65 वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन 1.1 आले तर ते कुणालाही बरे वाटेल. वय आणि लिंग धरून गाळण्याची क्षमता काढण्याच्या सूत्रात घातले तर ती 56 च्या आसपास निघते. ते सूत्र वापरायला एक पैसा लागत नाही.

आमच्या खराडीत ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर या कार्यालयांच्या संकुलांत बसणाऱ्या अनेकांना कंपनीची वार्षिक तपासणी मिळते. त्याच इमारतींच्या फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या रखवालदाराला आणि चंदननगरहून घरकामाला येणाऱ्या बाईला ती कोण देणार? सरकारी प्रयोगशाळेच्या प्रत्येक क्रिएटिनिन अहवालावर गाळण्याची क्षमता छापा. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाच्या लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन वर्षातून एकदा तपासा आणि दोष सापडला तर गोळ्या दवाखान्यातच मोफत द्या. पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी किती रक्कम ठेवणार, तो आकडा आम्हाला लेखी हवा आहे.

खराडी, पुणे येथील एक नागरिक