विश्लेषण : नवी सुई देणे म्हणजे व्यसनाला खतपाणी?

देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांमध्ये मात्र ते 9 टक्क्यांच्या घरात जाते. तरीही त्यांना नवी सुई देण्याचा विषय निघाला की भुवया उंचावतात. सावनेर तालुक्यातील खाप्यासारख्या छोट्या शहरात तर तो निघतच नाही.

संसर्ग एवढा झपाट्याने का पसरतो?

एकाने वापरलेल्या सिरिंजमध्ये उरलेले रक्त थेट दुसऱ्याच्या शिरेत जाते. मणिपूरमध्ये 1989-90 दरम्यान अवघ्या काही महिन्यांत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना लागण झाल्याचे आढळले. पुढे ती त्यांच्या पत्नी आणि मुलांपर्यंत पोहोचली. हिपॅटायटिस ‘सी’ही याच वाटेने पसरतो.

उपाय कोणते?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमात वापरलेली सुई परत घेऊन नवी दिली जाते. हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या व्यसनींना देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. तलफ आटोक्यात राहिली की सुईची गरज कमी होते. सोबत मोफत तपासणी आणि औषधोपचार असतात.

मग व्यसन वाढत नाही का?

अॅमस्टरडॅममध्ये 1984 मध्ये सुई बदलून देणे सुरू झाले. तेव्हापासून अनेक देशांतील अभ्यासांत त्यामुळे नशा वाढल्याचे दिसलेले नाही. उलट, सुईच्या निमित्ताने भेटणारा कार्यकर्ताच अनेकांना उपचारापर्यंत नेतो.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोंदणीकृत कार्यक्रमात सुई देणारा आणि घेणारा, दोघांनाही त्याने संरक्षण दिले आहे. संमतीशिवाय तपासणी करणे किंवा निदान उघड करणे यालाही त्यात मनाई आहे.

छोट्या शहरांचे काय?

खरी अडचण इथे आहे. रोजची गोळी मोठ्या शहरात जाऊन घ्यायची म्हटले तर खाप्याच्या मजुराचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडणार. गावातच तपासणीला जावे, तर रांगेत ओळखीचे चेहरे. बदनामीच्या भीतीने आजार लपतो आणि लपलेला आजार घरात पसरतो.

कोविडकाळात नॅकोने काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा दिली होती. स्थिरावलेल्या रुग्णांसाठी ती छोट्या शहरांत कायम असावी. जिथे गरज दिसेल तिथे ही सेवा तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत यावी आणि पोलिसांना 2017 च्या कायद्याचे प्रशिक्षण मिळावे. व्यसन सुटायला वर्षे लागतात. तोवर माणूस जिवंत आणि संसर्गमुक्त राहिला, तरच ते सोडवण्याला अर्थ आहे.

(माहितीसाठी नॅकोची मोफत हेल्पलाइन : 1097)