गठ्ठा उचलणाऱ्याला विचारा

पुस्तकाच्या दुकानात गठ्ठे कोण उचलतो? आम्ही. सुतळ्या कोण सोडतो, धूळ कोण पुसतो? पावसात राजापूरच्या जवाहर चौकात पाणी घुसलं की खालच्या फळीवरची पुस्तकं माळ्यावर कोण चढवतो? आम्हीच. पण कुठलं पुस्तक चांगलं, हे मात्र आम्हाला कोणी विचारायचं नाही. ते गल्ल्यावरच्या मालकानं ठरवायचं.

मी अशाच एका दुकानात चार वर्षं राबलो. दुकान कसलं! जूनमध्ये गाइडं नि वह्या, श्रावणात पोथ्या, गणपतीत आरत्या. उरलेलं वर्ष माशा मारायच्या. एकदा बौद्धवाडीतली एक काकी आली, 'आयदान' मागितलं. मालक म्हणाला, "असलं आम्ही ठेवत नाही. खपत नाही."

असलं म्हणजे कसलं हो? ऊर्मिला पवार याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, फणसवळ्याच्या. नवरा गेल्यावर बांबूची आयदानं विणून पोरं वाढवणारी आई त्यांनी 2003 साली पुस्तकात मांडली. ती आई आमच्या घराघरात आहे. सूप-टोपली आमच्या हातची चालते, पुस्तक चालत नाही. आणि जे फळीवर ठेवलंच नाही ते खपणार कसं? हा हिशोब मालकाला चार वर्षांत विचारता आला नाही. पगार त्याच्याकडे होता.

6 डिसेंबरला दादरला जा. शिवाजी पार्कात पुस्तकांचे ठेले लागतात. तिथला विकणारा नुसता पैसे घेत नाही, भांडतो. "हे आधी नको, तुला जड जाईल, 'बलुतं' घे. ते झालं की बाबासाहेबांचा खंड ने." पदवी असो नसो, त्यानं वाचलंय. आमच्या लेखी तोच टीकाकार.

पण आपलंही झाकून ठेवू नका. त्याच गर्दीत लॉकेटं नि फोटो जास्त खपतात. एकमेकांची नक्कल केलेल्या चोपड्या खपतात. घरी नेलेला खंड फोटोखाली बसतो, जयंतीला पुसला जातो. पोथी गेली नि दुसरी पोथी आली, एवढंच!

भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात दिलं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा पोरगा त्यांनी आधीच हेरला होता. सुभेदार रामजींनी तर पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकले. पुस्तक आपल्या पायांनी चालत येत नाही. पोरगं ओळखणारा माणूस लागतो.

तो माणूस राजापुरात आपणच व्हायचं. येत्या 14 एप्रिलला एसटी स्टँडाबाहेर फळकूट टाकून बसतोय. काकीची 'आयदान'ची प्रत मी दादरहून आणली होती. वाडीभर फिरून तिचा पुठ्ठा सुटलाय, ती पहिली मांडणार. तुमच्याकडची वाचून झालेली पुस्तकं आणा. कोऱ्या पानावर दोन ओळी खरडा, आवडलं का नाही, का नाही. शिव्या असल्या तरी चालतील. न वाचता केलेली स्तुती मात्र फाडून टाकणार.