सिमेंटआधी माती ओळखा



कापसाचे चुकारे हाती आले की मंगरूळपीरच्या गावोगावी अंगणात काँक्रीट पडते. दोन पावसाळ्यांत ते भेगाळते आणि आपण सिमेंटला शिव्या देतो.

दोष बहुधा आपल्या घाईचा असतो. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. तिच्यावर थेट ओतलेले 4 इंच काँक्रीट टिकेल कसे? आधी दीड-दोन फूट माती काढा, मुरूम भरा, थराथराने ठोका.

1 सिमेंट, 2 रेती, 4 गिट्टी, घमेल्याने मोजा. 50 किलोच्या पिशवीला 25 लिटर पाणी पुरे. मिस्त्री सोयीसाठी माल पातळ करतो, ताकद आपली जाते. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन होते. म्हणून 10 दिवस बारदान ओले ठेवा.

1989 साली सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण उठले, परमिटची कटकट संपली. आता अडते ते माहितीपाशी.

मुरमाला पैसा नसेल तर वर्षभर थांबा, असेच आम्ही म्हणू. सारवलेल्या अंगणाची भेग शेणमातीने बुजते. काँक्रीटमध्ये गेलेला चुकारा परत येत नाही. वाफसा पाहिल्याशिवाय आपण पेरतो का?